द्वारकाबाईंचा डावा डोळा

अच्युतचा कप हवेत होता तोवर कॉफीवर वर्तुळं उमटत राहिली. कडेकडून मध्याकडे, एकामागून एक, सेकंदाला साधारण पाच. कप बशीत टेकला की दोन सेकंदांत कॉफी शांत व्हायची, उचलला की पुन्हा वर्तुळं. टेबलाला धक्का लागत नव्हता, कारण माझ्या कपातली कॉफी स्थिर होती. रस्त्यावरून जड वाहन जात नव्हतं. चौकात फक्त एक घोडागाडी उभी होती आणि तिचा घोडा तोबऱ्यात तोंड घालून खात होता.

"मोजते आहेस ना?" अच्युत म्हणाले.

"काय?"

"काहीतरी. मोजताना तुझे ओठ हलतात."

"घोड्याचे पाय मोजत होते."

"चारच भरले ना? नाहीतर परत मोज. सरासरी काढ."

मी हसले. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "थंडी मरणाची आहे इथली." थंडी होतीच. पण आम्ही हॉटेलच्या आत, हीटरपासून तीन फुटांवर बसलो होतो.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. अच्युत जाऊन पाच झाली. ब्रुज हे बेल्जियममधलं जुनं शहर, मधून कालवे गेलेलं, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींच्या घरांचं. आमची मुलगी केतकी तेव्हा ब्रसेल्सला नोकरी करत होती. तिने आम्हाला दोन दिवसांसाठी तिकडच्या गाडीत बसवून दिलं. हातात पाहण्यासारख्या जागांची यादी आणि मेथीच्या पराठ्यांचा डबा. सहल अच्युतनी ठरवली होती. "मंदाला बदल हवाय, वर्षभर गप्प गप्प आहे," असं त्यांनी केतकीला फोनवर सांगितलेलं मी शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं.

मी गप्प होते हे खरं होतं. मला त्यांना एक वाक्य सांगायचं होतं आणि ते मी चौदा महिने उद्यावर ढकलत आले होते.

कराडला आमचा डोळ्यांचा दवाखाना होता. अच्युत मोतीबिंदूची ऑपरेशन्स करायचे. मी फिजिक्सची एम.एस्सी., चार वर्षं कॉलेजात शिकवून मग दवाखान्यात आले, आणि ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजायचं काम माझ्याकडे आलं. आत बसवायच्या भिंगाचा नंबर त्या लांबीवरून काढतात. एक मिलिमीटर चुकलं तर चष्म्याचे अडीच-तीन नंबर चुकतात. मी प्रत्येक डोळा तीनदा मोजायची. मी मोजायचं, त्यांनी बसवायचं, अशी बावीस वर्षं गेली होती.

आम्ही परत गेल्यावर दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी द्वारकाबाई कासारांचा डावा डोळा ऑपरेशनला लावलेला होता. नवरात्रातली बांगड्यांची गर्दी उरकली की मग करू, असं त्यांनीच सांगितलं होतं. उजवा डोळा आदल्या वर्षी आमच्याच दवाखान्यात गेला होता. त्या सोमवारच्या आत मला अच्युतना सांगायचं होतं, की या डोळ्याला तुम्ही हात लावू नका.

कॉफी संपवून आम्ही चौकातल्या घंटेच्या मनोऱ्यावर गेलो. तीनशे सहासष्ट पायऱ्या. वर जाता जाता जिना इतका अरुंद होतो, की उतरणारा माणूस आला तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. कठड्याऐवजी मध्ये एक जाड दोर सोडलेला. अच्युत पुढे होते. त्यांनी दोर घट्ट धरला होता आणि घट्ट धरला की हात स्थिर राहायचा. काहीच न धरता हात नुसता पसरला की, किंवा काही नाजूक धरलं की, कापणं सुरू व्हायचं. त्यांच्या वडिलांचंही तसंच होतं. अण्णांना शेवटी शेवटी फुलपात्र तोंडाला लावता येत नव्हतं. सून म्हणून ते मी चार वर्षं रोज पाहिलं होतं.

"दमलीस?"

"नाही. तुम्ही?"

"मी? मी सहासष्टाचा, पायऱ्या तीनशे सहासष्ट. तीनशे मागे टाकल्या की बरोबरीत."

वर वारा होता. खाली लाल कौलं, त्यांच्यामधून कालव्याची वळणं आणि फार लांब समुद्राची एक फिकी रेघ. अच्युत धापा टाकत होते पण खूश होते. कानटोपी मागे सरकली होती. मी म्हटलं, "अहो, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"सोमवारबद्दल."

"द्वारकाबाईंना काहीतरी घेऊ या इथून," ते म्हणाले. "बरं झालं आठवण केलीस. केतकी म्हणत होती, इथली लेस प्रसिद्ध आहे. हाताने करतात. बिचारी एवढं होऊनही परत आपल्याकडेच आली, मंदा. दुसरी असती तर गावभर बोंब मारली असती." मग कठड्याच्या जाळीला धरून त्यांनी छातीभर श्वास घेतला. "हे बघ, न थांबता चढलो. छाती ठणठणीत आहे. अजून दहा वर्षं मी काही खुर्ची सोडत नाही."

मी म्हटलं, "कानटोपी नीट घ्या."

एवढंच म्हटलं. चौदा महिने मी असंच काहीतरी म्हणत आले होते.

लेसचं केंद्र गावाच्या कडेला होतं. दुपारी तिथे म्हाताऱ्या बायका बसून विणताना दाखवतात. मांडीवर गोल, घट्ट उशी, उशीवर नक्षीचा कागद, कागदावर शेकडो टाचण्या आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला बोटाएवढं लाकडी रीळ. त्या रिळांची अदलाबदल करतात इतक्या वेगाने की आवाज तेवढा कळतो, हात कळत नाहीत. आम्ही ज्यांच्यासमोर उभे राहिलो त्यांच्या छातीवर नावाची पट्टी होती. गोदलीव्ह. पंचाहत्तरीच्या असाव्यात. इंग्रजी सावकाश, पण नीट बोलायच्या.

"बसून पाहायचंय?" त्यांनी अच्युतना विचारलं. पाहुण्यांसाठी शेजारी एक सोपी उशी मांडलेली होती, आठच रिळांची.

"बसतो की. माझं पोट बोटांवरच चालतं."

"पुरुष सहसा बसत नाहीत."

"आमच्याकडे पुरुष शिंपीपण असतात, आचारीपण असतात. फक्त घरी काही करत नाहीत. हिला विचारा."

गोदलीव्ह हसल्या. त्यांनी दाखवलं: चार रिळं घ्यायची, मधली दोन एकमेकांवरून न्यायची, मग दोन्हीकडची फिरवायची. धाग्याला हात लावायचा नाही, रीळच हलकं धरायचं. अच्युतनी चष्मा सारखा केला आणि दोन रिळं उचलली.

ती एकमेकांवर वाजायला लागली. टिकटिकटिकटिक. बारीक, कोरडा, एकसारखा आवाज. शेजारच्या दोन बायकांनी वर पाहिलं. अच्युतनी रिळं खाली ठेवली, हात चोळले, पुन्हा उचलली. पुन्हा तेच.

"थंडी," ते मला म्हणाले.

गोदलीव्हनी आपला तळवा त्यांच्या मनगटावर ठेवला. आवाज थांबला. "पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय काम करता?"

"डोळ्यांची ऑपरेशन्स."

त्यांनी तळवा काढला नाही. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, अच्युतकडे नाही. मी खाली उशीकडे पाहिलं.

अच्युतना गप्प बसलेलं कधी सोसायचं नाही. "आमची जोडी आहे," ते म्हणाले. "ही डोळा मोजते, मी भिंग बसवतो. हिच्याइतकं अचूक माणूस आख्ख्या जिल्ह्यात नाही. बावीस वर्षांत एकदाच चुकली."

"मग?" गोदलीव्हनी विचारलं.

"मग काय. माफ केलं."

ते हसत म्हणाले. मायेनेच म्हणाले. मी पलीकडच्या दुकानात जाऊन द्वारकाबाईंसाठी लेसचा एक छोटा रुमाल निवडला आणि कागदात बांधून घेतला. बांधणारी मुलगी मला काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं.

तिथून आम्ही कालव्याच्या कडेने चालत निघालो. दगडी रस्ता ओला होता आणि अच्युत पुढे पुढे चालत यादीतल्या जागा वाचून दाखवत होते. मी मागे होते. आता लिहायचं तर ते लिहायलाच हवं, जे मी तेव्हा केतकीलाही सांगितलेलं नव्हतं.

मी चुकले नव्हते.

द्वारकाबाई उंब्रजच्या बाजारात बांगड्या भरायच्या. साठीच्या, ठेंगण्या, बोलक्या. त्यांच्या उजव्या डोळ्याची लांबी मी तीनदा मोजली होती: तेवीस पूर्णांक एकेचाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. ऑपरेशनच्या दिवशी अच्युत नेहमीपेक्षा वीस मिनिटं जास्त आत होते. पट्टी काढल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "डॉक्टर, एका बांगडीच्या दोन दिसतात." अच्युतनी तपासलं. बाहेर त्यांचा मुलगा आणि सून उभी होती. त्यांना अच्युत म्हणाले, "भिंगाचा नंबर जुळलेला दिसत नाही," आणि पुढचं वाक्य त्यांना सुचेना. ते तसेच उभे राहिले. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरून ठेवला होता. मी तो हात पाहिला आणि म्हटलं, "मोजताना माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुपारी, ते जेवायला घरी गेल्यावर, मी द्वारकाबाईंना पुन्हा मशीनसमोर बसवलं. तेवीस पूर्णांक एकेचाळीस. भिंग मात्र कलून बसलं होतं. ते ज्या पातळ पिशवीत बसवतात तिला एका बाजूला चीर गेली होती. एवढं कळण्याइतकं मी बावीस वर्षांत शिकले होते. या मापाचा कागद मी घडी करून कपाटात ठेवला. द्वारकाबाईंना जाड चष्मा दिला. चार महिने त्या चष्म्यावर गेल्या. नंबर चुकला असं एकदा ठरल्यावर आत कुणी नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी दिलेलं कारण टिकलं नसतं. आत सूज राहिली आणि ती कळली तोवर उजव्या डोळ्याला उजेड आणि हात हलतो एवढंच कळत होतं.

सगळ्यात वाईट भाग हाही नाही. पट्टी काढली त्याच दिवशी निघताना द्वारकाबाईंनी अच्युतचे दोन्ही हात धरून नमस्कार केला होता. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "बाई, एक विचारू? डॉक्टरांच्या हातात काहीतरी हाय. मी चाळीस वर्सं बायांचे हात दाबतीया. हातात धरला की मला कळतं."

मी म्हटलं, "नाही हो. हात चांगला आहे. माझंच मोजणं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "तुमी म्हंता तर तसंच आसंल," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या." आणि डाव्या डोळ्याची वेळ आली तेव्हा त्या कोल्हापूरला गेल्या नाहीत, मिरजेला गेल्या नाहीत. परत आमच्याकडे आल्या. "आवंदा नीट मोजा म्हंजी झालं."

त्यानंतर अच्युतनी एकशे बारा डोळे केले. बहुतेक बरे झाले. तीन नोंदींपुढे मी पेन्सिलने टिंब काढून ठेवलं होतं. का काढलं, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

कालव्याच्या काठी एक बाक होता. समोर पाण्यात हंस होते, पलीकडे पांढऱ्या घरांची रांग. पूर्वी तिथे एकट्या बायका, विधवा, कुणाच्या आधाराविना राहायच्या असं अच्युतनी यादीवरून वाचून दाखवलं. आम्ही बसलो. त्यांनी पराठ्यांचा डबा उघडायला घेतला. झाकण डब्याच्या कडेवर वाजलं. त्यांनी डबा माझ्याकडे दिला आणि हात कोटाच्या खिशात घातले.

"अहो," मी म्हटलं, "द्वारकाबाईंचं माप चुकलं नव्हतं."

एक हंस वळून आमच्याकडे आला, काही मिळत नाही पाहून परत गेला.

"माहीत आहे," अच्युत म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मंदा, तू चुकत नाहीस. आणि चीर गेली तेव्हा मायक्रोस्कोपला डोळा माझाच होता की."

"मग मघाशी त्या बाईंपुढे?"

"म्हणायची सवय झाली." ते पाण्याकडे पाहत होते. "तू ते वाक्य म्हणालीस आणि मी घेतलं. घेतल्यावर परत कसं करायचं ते कळेना. म्हणत म्हणत एखाद्या दिवशी खरंही वाटायचं. तुला हे कळणार नाही."

"कळतं."

"ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी एक गोळी घेतो. हात स्थिर राहतो तिने."

"माहीत आहे. सोमवारी आणि गुरुवारी पट्टीतली एक कमी होते."

ते हसल्यासारखे झाले. "तेही मोजलंस."

"मला वाटायचं तुम्ही बोलाल. तुम्ही डॉक्टर. तुमचं तुम्हाला कळायला हवं."

"आणि मला वाटायचं, ही एवढं सगळं मोजते, ज्या दिवशी जास्त होईल त्या दिवशी ही सांगेल. ही गप्प आहे म्हणजे अजून मर्यादेत आहे." ते थांबले. "खरंच तसं वाटायचं गं. तू मोजमाप घेऊन रुग्ण आत पाठवायचीस, म्हणजे तुझी हरकत नाही असं धरून चालायचो मी."

एकशे बाराही डोळे मीच मोजून आत पाठवले होते.

"तू मला वाचवलंस त्या दिवशी," ते म्हणाले. "ते मी विसरलेलो नाही."

"तुम्हाला वाचवलं. त्यांचा डोळा तेव्हा वाचला असता. चार महिने होते आपल्याकडे. मी खरं बोलले असते तर आठवड्यात कोल्हापूरला पाठवलं असतं."

मग खिशातून उजवा हात काढून त्यांनी तो माझ्यासमोर धरला, पालथा, बोटं पसरून, जसा अण्णांचा हात ते स्वतः तपासायचे. आम्ही दोघांनी तो पाहिला. दिवसाच्या उजेडात, इतक्या जवळून, दोघांनी मिळून तो आम्ही कधी पाहिला नव्हता.

"गोळी घेतली की याच्या निम्मा होतो," ते म्हणाले.

"निम्मा."

"मंदा, हा एकच करू दे. फक्त द्वारकाबाईंचा. त्यांचा एक मी घालवलाय, दुसरा मीच नीट करून दिला पाहिजे. नाहीतर मी असाच राहीन, अर्धवट. हा झाला की त्याच दिवशी थांबतो. तुझी शपथ. गोळी दोन घेईन. तू आत उभी राहा, पाहिजे तर."

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं; घ्यायचे, किंवा गृहीत धरायचे, किंवा थट्टेत काढायचे. त्या क्षणी हो म्हणणं फार सोपं होतं. हंसांना पोळी टाकणं जितकं सोपं तितकंच. त्यांचा हात अजून माझ्यासमोर होता. मी तो दोन्ही हातांत धरला, आणि तो माझ्या तळव्यात कापत राहिला. द्वारकाबाईंना एका नमस्कारात जे कळलं होतं, ते हाताने कळून घ्यायला मला एवढा वेळ लागला होता.

"नाही," मी म्हटलं. "द्वारकाबाईंना मी कोल्हापूरला घेऊन जाईन, आणि का ते त्यांना मीच सांगेन. मी खोटं बोलले तेही सांगेन. तुम्ही आता ऑपरेशन करायचं नाही. त्यांचंही नाही आणि कुणाचंच नाही."